अंगणातला पूल आणि गावाचं पाणी

लोणावळा, कर्जत, मुळशी, अलिबाग. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मुंबई-पुण्याच्या पैशानं या पट्ट्यात दुसरी घरं उभी केली आणि त्या घरांच्या नकाशात एक निळा चौकोन हमखास दिसू लागला. पूर्वी बंगल्याचं ऐश्वर्य आंब्याची झाडं किती, विहिरीला पाणी कुठवर टिकतं यावर सांगितलं जाई. आता माहितीपत्रकाचं पहिलं पान उघडलं की स्विमिंग पूल. घर घेणारं कुटुंब मग एकमेकांना विचारतं: एवढा खर्च करावा का? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. नुसता पैशाचा हिशेब मांडला तरी पूल महागच पडतो, आणि त्याच्या किमतीतला जो भाग पैशात दिसत नाही तो बंगल्याच्या कुंपणाबाहेरची माणसं भरत असतात.

आधी पैशाचंच बघू. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल असा मध्यम आकाराचा आरसीसी पूल घ्या. खोदाई, काँक्रीट, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, गाळणी, पंप आणि पंपाची खोली मिळून १५ लाख रुपये लागले असं धरू. जमिनीत खडक लागला किंवा इटालियन टाइल्सचा मोह झाला तर आकडा वर जातो. हेच १५ लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर वर्षाला १,०५,००० रुपये व्याज आलं असतं, ते बुडालं. देखभालीला माणूस, रसायनं आणि वीज मिळून महिन्याला ८,००० रुपये धरले तर वर्षाचे ९६,०००. पंपाचं सील, गाळणीतली वाळू, टाइल्सच्या फटी या दर काही वर्षांनी निघणाऱ्या कामांसाठी वर्षाला २५,००० बाजूला ठेवावे लागतात. बेरीज सव्वादोन लाखांच्या वर जाते.

आता वापर. दुसऱ्या घरी कुटुंब महिन्यातून दोन शनिवार-रविवार जाईल, आणि पावसाळ्याचे चार महिने पाण्यात उतरणं होत नाही. म्हणजे वर्षाचे ३२ दिवस. मुलांच्या परीक्षा, लग्नकार्यं, आजारपणं धरलीच नाहीत. तरीही पोहण्याचा एक दिवस सात हजारांना पडला.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: पूल असला की बंगला भाड्यानं चांगला जातो. ते खरं आहे. लोणावळा-कर्जतकडे शुक्रवार ते रविवारसाठी बंगला शोधणारी मंडळी फोनवर पहिला प्रश्न पुलाचाच विचारतात, आणि त्याप्रमाणे दरही वाढतो. पण मग तो घरातला पूल उरत नाही, तो धंदा होतो. दर आठवड्याला अनोळखी पंधरा-वीस माणसं पाण्यात उतरणार, त्यांत पोहता न येणारी असणार, काही दारू पिऊन उतरणार, आणि काठावर जीवरक्षक नसणार. अशा भाड्याच्या बंगल्यांत लहान मुलं पुलात पडून बुडाल्याच्या बातम्या एकदा नव्हे, अनेकदा आल्या आहेत. मोठी माणसं सामान उतरवण्यात, चहा सांगण्यात गुंतलेली असतात आणि दोन-तीन वर्षांचं मूल तेवढ्या चार मिनिटांत पाण्यापर्यंत पोचतं. बुडणारं मूल ओरडत नाही, हात मारून आवाज करेलच असंही नाही. पुलाला चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हा यावरचा साधा, जगभर मान्य झालेला उपाय आहे. आपल्याकडे मात्र ते कुंपण लावायला मालक तयार होत नाहीत, कारण फोटो बिघडतो. फोटोसाठी कुंपण गाळणाऱ्या माणसानं त्या पाण्यावर भाडं घेऊ नये.

पुलाचं काम बांधून झालं की संपत नाही, तिथून सुरू होतं. सकाळी सातच्या सुमारास बंगल्याचा रखवालदार लांब दांड्याची जाळी घेऊन पाण्यावरची पानं, किडे, रात्रीत पडलेला एखादा बेडूक काढतो. मग दोन नळ्यांच्या छोट्या डबीत पुलाचं पाणी घेतो आणि एका नळीत क्लोरीनच्या परीक्षेचे, दुसरीत पीएचचे थेंब सोडतो. पहिल्या नळीत पिवळा रंग हवा. रंग आलाच नाही तर क्लोरीन संपला. दुसरीत नारिंगीकडून लालकडे जाणारी छटा हवी, म्हणजे पीएच ७.२ ते ७.८ च्या आत. डबी उजेडाकडे धरून तो कडेच्या पट्टीशी रंग ताडून बघतो आणि मग गोळ्या किती, पावडर किती ते ठरवतो. उघड्या उन्हात क्लोरीन फार टिकत नाही, म्हणून त्याला उन्हात टिकवणाऱ्या रसायनाची जोड द्यावी लागते. जोड जास्त झाली की क्लोरीनचा जोर कमी होतो. मे महिन्यात दोन दिवस वीज गेली, पंप थांबला, की तिसऱ्या दिवशी पाण्याला हिरवट झाक येते आणि पायरीवर पाय घसरतो. मग क्लोरीनचा जबर डोस, भिंती घासणं, तुरटीनं गाळ खाली बसवणं आणि तो गाळ हजारो लिटर पाण्यासकट बाहेर काढणं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्या पावसात पुलातली रसायनं पातळ होतात, कडेची माती आत येते, आणि कुणी पोहत नसलं तरी पंप रोज चालवावा लागतो. एक अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला की सहा युनिट, महिन्याला १८० युनिट. मध्यम घराच्या वीजबिलाचा टप्पा बदलायला तेवढं पुरतं.

हे सगळं परवडणारी माणसं आहेत. स्वतःच्या कष्टाचा पैसा कशावर घालवावा हे त्यांनीच ठरवायचं, इथवर वाद नाही. वाद पाण्यापाशी सुरू होतो.

वर धरलेल्या पुलात ४३,००० लिटर पाणी मावतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला प्यायला पाणी उरलं नव्हतं, तेव्हा मिरजेहून रेल्वेनं पाणी पाठवलं गेलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, तिला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे मध्यम आकाराचा एक घरगुती पूल भरायला त्या गाडीतली जवळपास एक वाघीण लागते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. खेळपट्ट्यांवर मारायच्या पाण्यानं दुष्काळ हटणार नव्हता, हे सगळ्यांना कळत होतं. तरीही टंचाईत पाणी कशासाठी वापरलं जातं हा सार्वजनिक प्रश्न आहे, एवढं त्या आदेशानं ठरवून दिलं.

पूल एकदा भरला की तेच पाणी गाळून वर्षानुवर्षं वापरतात, हा पूलवाल्यांचा मुद्दा खरा आहे. पण उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला सात मिलिमीटर थर वाफ होऊन जातो असं धरलं, आणि दख्खनच्या एप्रिल-मेसाठी हे काही जास्त नाही, तर ३२ चौरस मीटरच्या पुलातून रोज २२४ लिटर पाणी उडतं. जलजीवन मिशननं खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाण्याचा निकष ठेवला आहे. चार माणसांचं रोजचं पिणं, रांधणं, आंघोळ, धुणं एवढं पाणी त्या पुलावरून हवेत जातं, कुणी पोहलं तरी आणि न पोहलं तरी. मार्च ते मे या तीन महिन्यांत वीस हजार लिटरची भर घालावी लागते. गाळणी उलट्या प्रवाहानं धुताना दर खेपेला काही शे लिटर जातात, ते वेगळे.

इथे एक प्रामाणिक आक्षेप घेता येतो, आणि तो घेतलाच पाहिजे. महाराष्ट्राचं पाणी पुलांनी संपवलेलं नाही. उसाला हंगामभर दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. एका एकराला ते ऐंशी लाख ते एक कोटी लिटर होतं. एवढ्या पाण्यात वर धरलेल्या पुलासारखे दोनशे पूल भरतील. बंगल्याभोवतीची हिरवळसुद्धा त्याच क्षेत्रफळाच्या पुलाइतकंच पाणी पिते, आणि हिरवळीवर झाकण घालता येत नाही. पुलावर घालता येतं, आणि घातलं तर पाण्याची भर तीस ते पन्नास टक्क्यांनी कमी लागते. तेव्हा राज्याच्या जललेख्यात खासगी पूल हा मोठा खर्च आहे असं म्हणणं चुकीचं होईल.

पण तहान राज्याच्या सरासरीनं लागत नाही. ती एका गावात, एका पाड्यावर, मे महिन्याच्या एका आठवड्यात लागते. कर्जत-मुळशीच्या डोंगरांत पाऊस धो धो पडतो आणि बेसॉल्टच्या उतारावरून तसाच वाहून जातो. कातळाच्या फटींत जेवढं मुरतं तेवढ्यावर उन्हाळा काढायचा असतो. त्या फटींत बंगल्याची चारशे-पाचशे फुटांची बोअरवेल उतरली की चाळीस फुटांच्या गावविहिरीचा झरा आटायला वेळ लागत नाही. दोघांचं पाणी बहुतेक वेळा एकच असतं, फक्त एकाचा पाइप खोल आहे. अलिबाग-किहीमकडे आणि गोव्याच्या किनारपट्टीत आणखी एक संकट आहे. गोड्या पाण्याचा उपसा वाढला की समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं आणि पिढ्यान् पिढ्या गोड असलेल्या विहिरी मचूळ होतात. खारावलेली विहीर एका पावसाळ्यात सुधारत नाही. रोज सकाळी पुलाच्या पाण्याचा रंग ताडून बघणारा रखवालदार पुष्कळदा त्याच परिसरातल्या कातकरी किंवा ठाकर वस्तीतला असतो, आणि त्याच्या घरची बाई त्याच वेळी हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभी असते. हे चित्र रंगवून सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात त्या रस्त्यांनी जाणाऱ्या कुणालाही ते दिसतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनला हाच धडा फार महागात शिकावा लागला. २०१८ च्या सुरुवातीला शहराचे नळ बंद करायची वेळ आली होती. १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा आली, नळाच्या पाण्यानं पूल भरायला बंदी झाली. नंतर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की शहरातले श्रीमंत आणि उच्च मध्यमवर्गीय लोकसंख्येच्या चौदा टक्क्यांहून कमी होते आणि शहराच्या निम्म्याहून अधिक पाणी त्यांच्याकडे जात होतं. त्यात बागा होत्या, गाड्या धुणं होतं, पूल होते. बंगळूरवर २०२४ च्या मार्चमध्ये तशी पाळी आली तेव्हा तिथल्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याचं पाणी पुलात वापरायला मनाई केली आणि पाच हजार रुपये दंड ठेवला. पण ज्याच्या घरी पूल आहे त्याला पाच हजारांचा दंड जाणवत नाही, आणि त्याच्या बोअरवेलला मीटरच नसतो.

मग पोहायचंच नाही का? पोहायलाच हवं, आणि या लेखातलं सगळ्यात जिव्हाळ्याचं म्हणणं तेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली भारतात बुडून अडतीस हजारांहून अधिक माणसं गेली. ती नद्या, तळी, विहिरी, खाणींची डबकी, धरणांचे जलाशय यांत गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हा मेलेल्यांत बायका आणि मुलं मोठ्या संख्येनं होती. कृष्णेच्या काठावर जन्म गेलेल्या बायकांना पोहता येत नाही, कारण मुलींना विहिरीत उतरू द्यायची पद्धत नव्हती. मुलगे शिकत. पाठीला वाळलेले पांगाऱ्याचे ओंडके, दुधी भोपळे किंवा रिकामे पत्र्याचे डबे बांधून काका-मामा त्यांना विहिरीत ढकलत, आणि आठ दिवसांत पोरगं कठड्यावरून मुटका मारायला लागे. ती शाळा फुकट होती. उपशानं विहिरी खोल गेल्या, काही बुजल्या, काहींवर जाळ्या बसल्या आणि ती शाळा बहुतेक ठिकाणी मोडली.

आठ मीटरचा पूल ती जागा भरून काढू शकत नाही. त्यात चार-पाच हात मारले की भिंत येते. दम कसा राखायचा हे तिथे शिकता येत नाही. पुण्याच्या टिळक तलावावर किंवा दादरच्या महापालिका तलावावर पिढ्यांनी जे पोहणं कमावलं ते लांब, खोल पाण्यात आणि सरांच्या शिट्टीवर. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेनं २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवलं. १९८६ नंतर आशियाई स्पर्धेत भारताला मिळालेलं जलतरणातलं ते पहिलं पदक. अशी पोरं मोठ्या तलावांतून आणि मोठ्या गर्दीतून निवडून येतात. जिथे हजार मुलं पाण्यात उतरतात तिथे त्यांतलं एक चमकतं. बंगल्याच्या पुलात उतरतात दोन.

सांधेदुखी, पाठीचं दुखणं, अर्धांगवायू यांत पाण्यातला व्यायाम गुणकारी असतो, हा घरगुती पुलाच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. लष्करातले जवान मुरलीकांत पेटकर यांना १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागल्या. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आले. ज्याच्या घरी असा रुग्ण आहे, रोज पाण्यात उतरणं हाच ज्याचा औषधोपचार आहे आणि जवळपास दुसरी सोय नाही, त्यानं लहानसा, झाकणाचा पूल बांधला तर कुणी बोट दाखवू नये. मात्र असा व्यायाम शिकलेल्या उपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली होणं बरं, आणि तो तज्ज्ञ जिथे दिवसाला वीस रुग्ण बघू शकेल असं तालुक्याचं केंद्र रुग्णांच्या जास्त उपयोगाचं.

महाराष्ट्रात पाण्याशेजारी कोण उभं राहतं याला इतिहास आहे. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यातल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि सार्वजनिक पाणी सगळ्यांचं आहे हे ओंजळभर पाणी पिऊन सांगितलं. घरचं पाणी बाहेरच्यांना खुलं करणं हे ज्या समाजात क्रांतीचं काम ठरलं, त्या समाजातला पैसेवाला वर्ग आज सगळ्यांचं पाणी उपसून कुंपणाच्या आत भरतो आहे, याचं दुःख वाटायला हवं. सार्वजनिक तलावावर नको वाटणारी गोष्ट पुष्कळदा पाण्याची घाण नसते, शेजारी कोण पोहतं ही असते. गृहसंकुलांतही तेच दिसतं. दोनशे कुटुंबांत एक पूल ही वाटणी खासगी पुलापेक्षा कितीतरी शहाणपणाची, पण तिथे घरकामाला येणाऱ्या बाईच्या मुलीला प्रवेश नसतो.

सार्वजनिक तलाव वाईट स्थितीत आहेत, हे उत्तर अर्धं खरं आहे. कोरोनात बंद झालेले काही महापालिकांचे तलाव पुढे वर्षानुवर्षं उघडले नाहीत. कुठे ठेकेदार सापडत नाही, कुठे गाळणी बिघडली ती तशीच आहे, कुठे बायकांसाठी दुपारची अशी वेळ ठेवतात की नोकरी करणारी एकही बाई येऊ शकत नाही. पण तलाव चांगला राहावा म्हणून भांडणारी माणसं ज्या दिवशी आपापले पूल बांधतात, त्या दिवशी तलावाची बाजू घेणारं कुणी उरत नाही. ज्यांच्या एका फोनवर नगरसेवक हलतो, त्यांची मुलं त्या पाण्यात उतरत असतील तर गाळणी आठवड्यात दुरुस्त होते.

सरकारला करता येण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला मोठा खर्च नाही. पूल लपत नाहीत. ग्रीसनं २०१० च्या सुमारास अथेन्सच्या उत्तर उपनगरांचे उपग्रहावरून घेतलेले फोटो तपासले तेव्हा कर भरताना ३२४ जणांनी कबूल केलेल्या पुलांच्या जागी १६,९७४ पूल सापडले. फ्रान्सनं २०२२ मध्ये हवाई छायाचित्रं संगणकाकडून तपासून न कळवलेले वीस हजारांवर पूल शोधले आणि सुमारे एक कोटी युरो कर वसूल केला. पुढच्या वर्षी दक्षिण फ्रान्समधल्या फायांस परिसरातल्या नऊ गावांनी पाण्याअभावी नवे पूल बांधायलाच पाच वर्षं बंदी घातली. मावळ, मुळशी, कर्जत, अलिबाग या तालुक्यांचं असं सर्वेक्षण महिन्याभराचं काम आहे. त्यानंतर प्रत्येक पुलाच्या बोअरवेलला मीटर, पुलाला झाकण आणि कुंपण सक्तीचं, १ मार्च ते पहिल्या पावसापर्यंत बोअर किंवा टँकरच्या पाण्यानं भर घालायला बंदी, आणि पुलामागे वर्षाला भरघोस कर. तो कर ग्रामपंचायतीच्या नळयोजनेला आणि तालुक्यातल्या एका पन्नास मीटरच्या तलावाला बांधून द्यावा. झाकण टाकून पावसाचं साठवलेलं पाणी वापरणाऱ्याचा कर निम्मा करावा, म्हणजे पूल ठेवणाऱ्यालाही चांगलं वागायचं कारण मिळेल.

आणि ज्या कुटुंबाच्या हातात आज पुलाचं अंदाजपत्रक आहे, त्यानं त्यावर सही करण्याआधी दोन चौकशा कराव्यात. गावातली विहीर मे महिन्यात कुठवर जाते ही सरपंचाकडे, आणि जवळच्या सार्वजनिक तलावावर सकाळची तुकडी किती वाजता असते ही तिथल्या खिडकीवर. पंधरा लाख वाचले तर त्यांतल्या एका लाखात गावातल्या पंचवीस-तीस मुलामुलींना तालुक्याच्या तलावावर उन्हाळ्याचे दोन महिने प्रशिक्षकासह पोहायला पाठवता येईल, त्यात आपलीही दोन पाठवावीत.